महेशचा टाक

फोटोला आंघोळ घालता येत नाय. हे मी किती जणांना सांगितलं, पण कोणाच्या टाळक्यात शिरलं असेल तर शपथ. महेश गेल्यावर जो तो येऊन एकच सांगायचा, कुसाबाई, पोराचा चांगला मोठा फोटो करून घ्या, चंदनाचा हार घाला, खाली बारका लाइट लावा. अरे, पण मग मी काय करायचं? ज्या पोराला न्हाऊमाखू घातलं, शेंबूड पुसला, तापात रात्रभर ज्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या, त्याच्या काचेवरची धूळ तेवढी फडक्यानं पुसायची? एवढंच नातं राहिलं का आता?

देवाचं तसं नसतं. देवाला ताम्हणात घेता येतं. कोमट पाण्यानं आंघोळ घालता येते, पुसता येतं, गंध लावता येतं, ताट वाढून समोर बसता येतं. म्हणून मला महेश देव्हाऱ्यात हवा होता. आणि कसा तरी नको होता, त्याच्या स्वतःच्या तोंडानिशी हवा होता. एवढं एकच मागणं होतं माझं, आणि ते काय फार होतं असं मला अजूनही वाटत नाय.

आम्ही मखमलाबादचे माळी. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. पहाटे तोडायचं, उजाडायच्या आत फुलबाजारात नेऊन बसायचं. माझ्या नवऱ्याचं नाव खंडेराव. एकदाच घेते, पुन्हा घेणार नाय, मी आपली मालक म्हणते. एक मुलगी, योगिनी, ती पुण्याला बँकेत. आणि महेश. तो शेतात. चांदवडची एक मुलगी त्याला पसंत होती, तिच्या घरचे बोलणी करायला येणार होते. त्याआधीच एका सकाळी तो विहिरीवरची मोटर चालू करायला गेला. स्टार्टरच्या पेटीत पाणी शिरलं होतं. मी चहा ओतून ठेवला होता. बोलावायला गेले तर तो पडलेला, आणि उजवा हात कोपरापर्यंत काळा. तोंडाला काही झालेलं नव्हतं. तोंड जसंच्या तसं होतं.

आमच्यात अकाली गेलेला, लग्नाआधी गेलेला पोरगा वीर होतो. वीर म्हणजे घरातला देव. त्याचा टाक करायचा, म्हणजे चांदीचा बोटभर पत्रा, त्यावर देव उठवलेला, आणि तो बाकीच्या देवांच्या ओळीत बसवायचा. बाहेरगावच्या लोकांना वाटतं धुळवड म्हणजे रंग. आमच्या नाशकात रंग रंगपंचमीला. धुळवडीला वीर नाचतात. घरोघरचे वीर खोबऱ्याच्या वाटीत बसवून, लाल फडक्यात धरून, वाजतगाजत गंगेवर, म्हणजे आमच्या नदीवर नेतात, रामकुंडात आंघोळ घालतात आणि होळीला फेरे मारून घरी आणतात. मेलेल्या पोराला वर्षातून एकदा नाचायला मिळतं म्हणा ना.

आमची चुलत सासू झुंबरबाई, भावकीत तिचा शब्द शेवटचा. वर्षश्राद्ध झालं तशी तीच म्हणाली की कुसा, पोराला ताटकळत ठेवू नको, होळीच्या आत टाक कर. मला कोण आनंद झाला. मेलेल्या पोराचा टाक करायचा म्हणून आनंद होणारी बाई मीच असेन. पण झाला, खोटं कशाला बोलू.

सराफ बाजारातल्या एका बोळात सहादू ओतारी बसतात. आमच्या सासऱ्यांपासूनचे देव त्यांच्याच घरातून आलेले. माणूस तिरसट. गिऱ्हाईक आलं की वर बघायचं नाय, आधी हातातलं काम संपवायचं. मी सांगितलं, माझ्या महेशचा टाक करायचा. त्यांनी मागं हात घालून एक पितळी ठसा काढला आणि माझ्यापुढं ठेवला. त्यावर एक घोडा, घोड्यावर एक गडी, हातात तलवार, आणि तोंडाच्या जागी दोन बटबटीत डोळे. बाकी नाक नाय, ओठ नाय. मिशा होत्या, त्याही दोन रेघा. आमच्या देव्हाऱ्यात असे दोन जुने वीर होतेच, पण त्यांची तोंडं मी कधी निरखून बघितली नव्हती.

म्हणलं, सहादूभाऊ, हा कोण?

"वीर."

म्हणलं, हा माझा पोरगा नाय.

ते म्हणाले की वीर म्हणजे असाच, घोडा आणि तलवार, बाजारातल्या सगळ्या ओताऱ्यांकडे हाच मिळेल. पत्रा ठशावर ठेवायचा, ठोकायचा, देव तयार. त्यांच्या आज्यानंही असंच केलं, बापानंही असंच केलं. मी म्हणलं, माझा महेश जन्मात घोड्यावर बसला नाय, तो मोटारसायकलवर फिरायचा. तर म्हणतात कसे, मग काय मोटारसायकल उठवू का? मी म्हणलं, उठवा. ते हसले नाय आणि मीही हसले नाय.

मग त्यांनी ठसा उचलून पुसला आणि जरा हळू आवाजात म्हणाले, "ताई, नवरदेवाचा घोडा ज्याला मिळाला नाय, त्याला निदान हा मिळतो. तुम्ही कशाला नाही म्हणता?"

मी तिथंच दुकानाच्या पायरीवर बसून रडले. आणि रडून झाल्यावर त्यांना चांगलं फैलावर घेतलं. म्हणलं, तुमच्या लोकांना चेहरा काढता येत नाय म्हणून तुम्ही देवाच्या नावावर घोडे खपवता. जगातल्या सगळ्या आयांनी आपली पोरं तुमच्या हातात दिली आणि तुम्ही सगळ्यांना एकच तोंड दिलं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, चेहरा काढला की तो माणूस राहतो, घोडा काढला की देव होतो, आणि माणसाच्या पाया कोण पडतंय? आणि दुसरं असं की देव ही हाताळायची वस्तू, रोज पाणी, रोज बोटं, डोळे खोल ठोकले तर राहतात, बारीकसारीक काही राहत नाय. मला त्यातलं एक अक्षर पटलं नाय. मी रोज फुलं संपली की रिकामी पाटी घेऊन त्यांच्या पायरीवर जाऊन बसायला लागले. बोलायचं काही नाय, नुसतं बसायचं. आमच्या माळणींना बसायची सवय असते. शेवटी कंटाळून म्हणाले, आणा फोटो.

योगिनीच्या मोबाइलमधला एक फोटो होता, निफाडच्या एका लग्नातला. महेश हसतोय, पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला, डाव्या भुवईत खाच. लहानपणी बांधावरून पडला होता, तेव्हाची. सहादूभाऊंनी डोळ्याला भिंग लावून बराच वेळ बघितला. म्हणाले, ह्याला ठसा नाय, बारीक छिन्नीनं हातानं उठवावं लागेल, पत्रा पातळ घ्यावा लागेल, मागून आधाराला लाख भरावी लागेल. मग बोट वर करून बजावलं की ताई, ह्याला फक्त पाणी घालायचं आणि मऊ कापडानं टिपायचं. घासायचं नाय. मी हो हो म्हणलं. त्या वेळी त्यांनी मला विस्तवावरून चालायला सांगितलं असतं तरी मी हो म्हणलं असतं.

आणि बाई, काय केला होता त्यांनी! टिकलीएवढं तोंड, पण महेश. तो दात, ती खाच, आणि हसताना उजवा डोळा जरा बारीक व्हायचा ना, तो सुद्धा बारीक. दुकानात माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, आला. सहादूभाऊ दुसरीकडे बघत राहिले. मालकांना दाखवला तर ते गोठ्यात जाऊन उभे राहिले, किती वेळ बाहेरच येईनात.

पहिली आंघोळ मी घातली तेव्हा पाणी हातावर घेऊन बघितलं, कढत तर नाय ना. वेडेपणा म्हणा. अंगठ्यानं त्याच्या कपाळावरून पाणी फिरवलं. कानामागं धुवायची मला सवय, पण टाकाला कान अर्धेच असतात. त्या दिवसापासून मी माणसात आले. सकाळी बाजारातून आले की आधी त्याची आंघोळ, मग ताट. मेथीची भाजी त्याला आवडत नव्हती तर त्या दिवशी त्याला वेगळं काहीतरी करायचे. बोलायचेसुद्धा. शेवंतीला कीड पडली, योगिनीला साहेब चांगला मिळाला, चांदवडच्या त्या मुलीचं लग्न झालं. हे शेवटचं दोन दिवस थांबून सांगितलं.

झुंबरबाईला मात्र तो देव पसंत पडला नाय. पहिल्या धुळवडीला वीर काढले तेव्हा ती वाकली आणि तशीच परत सरळ झाली. म्हणाली, कुसा, ह्याच्या पाया कशी पडू, ह्यानं माझे पेरू चोरलेत. बायका हसल्या. मीही हसले. मनातून मला बरंच वाटलं. ओळखला म्हणून तर हसल्या ना. जो बघेल तो म्हणायचा, अरे, हा तर महेश. हात कोणी जोडत नव्हतं, पण मला कुठं कोणाचे हात जोडून हवे होते?

पुढं पावसाळा लागला आणि चांदी काळी पडायला लागली. सगळेच टाक पडतात, चांदीचा गुणच तो. खंडोबा काळा पडला, देवी काळी पडली, त्याचं मला काही वाटलं नाय. पण महेशच्या गालावर पहिला काळा डाग पडला. मला तो विहिरीवरचा हात दिसला. मी पाणी घातलं, टिपलं, पुन्हा पाणी घातलं. जाईना. दोन दिवसांत कपाळ काळं झालं. लोकांना काय जातंय घासू नका म्हणायला. त्यांनी तो हात बघितला होता का? मी चिमूटभर चिंच घेतली, बोटावर रांगोळी घेतली आणि हळूच, अगदी हळूच, गालावरून फिरवली. लख्ख निघाला. हसला माझ्याकडे बघून. मग मी रोज फिरवायला लागले, डाग पडायच्या आधीच. थोडंसंच, नावापुरतं. आंघोळीचं पाणी झेंडूच्या वाफ्यात टाकायचे, देवाचं पाणी पायाखाली येऊ नये म्हणून.

त्याच्या पुढच्या वर्षीची दिवाळी आली तेव्हा योगिनी पुण्याहून आली. पाडव्याला सकाळी देव्हाऱ्यासमोर बसली आणि बराच वेळ उठेना. मला वाटलं, भावाशी बोलते आहे. मग तिनं हाक मारली.

"आई, हे काय झालं?"

म्हणलं, काय झालं?

"दादाचा चेहरा कुठे आहे?"

मी म्हणलं, काय खुळ्यासारखं बोलतेस, हाय की. आणि होता. खरं सांगते, मला दिसत होता. दात दिसत होता, खाच दिसत होती. तिनं मला हाताला धरून अंगणात उन्हात नेलं, माझा चष्मा पुसून माझ्या डोळ्यांवर ठेवला आणि टाक माझ्या तळहातावर ठेवला. पत्रा गुळगुळीत होता. नाकाच्या जागी जरासा उंचवटा, डोळ्यांच्या जागी दोन फिकट सावल्या. बाकी काही नाय. मी रोज सकाळी ज्याच्याकडे बघत होते, तो टाकात नव्हताच. तो मी आठवणीतून त्याच्यावर ठेवत होते आणि माझ्याच बोटानं पुसत होते.

म्हणलं, मोबाइल दाखव. तिनं तो निफाडचा फोटो काढला. आणि इथं मला जे झालं ते मी आजवर मालकांना सुद्धा सांगितलं नाय. तो फोटो मला परका वाटला. कोणीतरी पोरगा, लग्नातला, हसतोय. दात जास्तच पुढं. तोंड जास्तच रुंद. महेश असा नव्हता, असं मला वाटलं. मग कसा होता, असं विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. माझ्या डोळ्यांपुढं आता तो गुळगुळीत पत्राच येत होता. मी डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. आईला पोराचं तोंड आठवू नये! ह्याच्यापेक्षा मी त्या मोटरीला हात लावून मेले असते तर बरं झालं असतं.

योगिनी घाबरली. तिनं कॉलेजात इतिहास घेतलेला, त्याचा बँकेत काही उपयोग नाय, पण घरात होतो. दुसऱ्या दिवशी मला रिक्षात घालून पांडवलेण्यांवर घेऊन गेली. चढताना माझा दम निघाला. एका लेण्यात नेलं, आत अंधार, आणि मधोमध दगडाचा एक मोठा गोल घुमट, बस. मूर्ती नाय, तोंड नाय. ती म्हणाली, आई, सुरुवातीला लोकांनी बुद्धाचं रूप केलंच नव्हतं. कुठे नुसती पावलं कोरली, कुठे रिकामं आसन, कुठे हा स्तूप. तो आहे हे त्यांना माहीत होतं, चेहऱ्याची गरज वाटली नाही. पुढे काही शतकांनी लोकांना राहवेना, मग मूर्ती आल्या. मी त्या घुमटाकडे बघत उभी राहिले. गार वारा येत होता.

म्हणलं, त्याला आई नव्हती का?

योगिनी म्हणाली, "होती. तो जन्मला आणि आठवड्यातच ती वारली."

म्हणलं, "म्हणून चाललं त्यांना."

पुढच्या एका लेण्यात मूर्ती होत्या. मोठाल्या, बसलेल्या, उभ्या, काहींची नाकं गेलेली. योगिनी सांगत होती हा बुद्ध, हा बोधिसत्त्व. मला हसू आलं, कारण आमच्या सासूबाई मला लग्नानंतर इथं घेऊन आल्या होत्या आणि ह्यालाच धर्मराज म्हणून त्यांनी मला पाया पडायला लावलं होतं. त्यांच्या आधीच्या बायकांनीही तेच केलं असणार. म्हणजे तोंड राहिलं तरी काय, तोंड कोणाचं ते राहत नाय. पोरीनं मला धीर द्यायला नेलं होतं आणि मी होता तो धीर तिथं सोडून आले. खाली उतरून आम्ही उसाचा रस प्यायलो.

घरी आल्यावर मी देव्हाऱ्यातले बाकीचे दोन वीर काढले. एक मालकांच्या चुलत आज्याचा म्हणतात, दुसरा कोणाचा ते झुंबरबाईलाही ठाऊक नाय. दोघेही घोड्यावर. घोडे झिजलेले, तलवारी गेलेल्या, पण डोळे होते. चार डोळे माझ्याकडे बघत होते. त्यांना घासणाऱ्या बायका कधीच्या मेल्या, आणि ह्यांचे डोळे अजून उघडे. माझ्या महेशचे मी दोन वर्षांत मिटवले.

टाक घेऊन सहादूभाऊंकडे गेले. त्यांनी भिंग लावलं आणि मला काही विचारलंच नाय, चिंच का रांगोळी. त्यांना कळलं. मी म्हणलं, पुन्हा उठवा. ते म्हणाले, उठवायला पत्र्यात काही उरलंच नाय, मागून लाख दिसायला आली आहे, घासलेली चांदी मोरीत गेली. मी म्हणलं, मोरीत नाय, झेंडूत. महेशची भुवई झेंडूत गेली आणि तो झेंडू मी दसऱ्याला बाजारात बसून विकला. त्यांनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, नव्या पत्र्यावर पुन्हा करून देतो फोटोवरून, माझा हात आता थोडा कापतो, पण करतो. मात्र ह्या वेळी काचेच्या डबीत ठेवा. हात लावू नका. पाणीसुद्धा नको.

म्हणजे फोटोच की. तोंड हवं तर हात लावायचा नाय, आणि हात लावायचा तर तोंड राहणार नाय. दोन्ही हवं म्हणणाऱ्या बाईला जगात कुठं जागा नाय, आणि सहादूभाऊंच्या दुकानात तरी कुठून असणार? वर तो फोटो आता मला परका. त्यावरून केलेला टाक आणला तर त्याला मी आंघोळ कोणाची म्हणून घालू? मी तशीच परत आले.

इकडे झुंबरबाईनं हट्ट धरला. झिजलेला देव घरात ठेवायचा नसतो, एक तर गंगेत सोडा, नाही तर मोडून नवा करा, होळी जवळ आली. तिचं काही चुकत नव्हतं, तशी रीतच हाय. मालक म्हणाले, तू म्हणशील तसं. माझ्यावर टाकून मोकळे झाले. मी त्यांना म्हणलं, गंगेत नको. पाण्यात टाकून यायला तो काय निर्माल्य हाय का? मग एकच राहिलं.

होळीच्या आधी सहादूभाऊंकडे गेले आणि सांगितलं, ठशावर घ्या. त्यांनी विचारलं, नक्की ना? मी मान हलवली. ते म्हणाले, चांदी थोडी घालावी लागेल, तुम्ही जा, संध्याकाळी या. मी म्हणलं, जात नाय, बसते. बायकांना स्मशानात नेत नाहीत. महेशला नेलं तेव्हा मी ओसरीवर होते, मला बायकांनी धरून ठेवलं होतं, आणि पुरुष परत आले ते आंघोळ करूनच. माझ्या पोराचं काय झालं ते मी बघितलंच नव्हतं. आता बघते म्हणलं.

त्यांनी मागची लाख काढली. मातीच्या छोट्या वाटीत टाक ठेवला आणि वरून ज्योत धरली. थोडा वेळ काहीच झालं नाय. मग पत्रा कडेनं आखडत आला, लाल झाला, आणि ती नाकाची जरा उंच जागा होती, ती शेवटपर्यंत तशीच राहिली. मी म्हणलं, थांबा. त्यांनी ज्योत बाजूला केली. माझ्याकडे बघितलं. मग मीच म्हणलं, घ्या. पुढच्या घटकेला वाटीत एक थेंब होता, थरथरणारा. मी रडले नाय. मला वाटलं होतं रडेन, पण नाय रडले.

मग त्या थेंबाचा पत्रा ओढून झाला, ठशावर ठेवला, आणि ठोक्यांवर ठोके. घोडा आला, तलवार आली, दोन रेघांच्या मिशा आल्या. डोळे त्यांनी चांगले खोल ठोकले. म्हणाले, हे जात नाहीत आता, तुमच्या नातवंडांना पुरतील. कोणाची नातवंडं, असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण योगिनी हाय, म्हणून गिळलं.

धुळवडीला वीर निघाले. मालकांनी फेटा बांधला, खोबऱ्याच्या वाटीत महेशला घेतलं आणि गंगेपर्यंत नाचत गेले. ह्या वयात असे नाचले की लोक बाजूला झाले. रामकुंडावर आंघोळ घातली, परत आणला, होळीला फेरे झाले. घरी झुंबरबाई आली आणि सरळ आडवी झाली त्याच्यापुढं, कपाळ जमिनीला टेकवून. पेरूचं नावसुद्धा काढलं नाय. शेजारची एक बाई आली आणि तिनं पोराच्या नोकरीसाठी नवस बोलला. म्हणाली, वीर जागृत दिसतो, डोळे बघा कसे. मी सगळ्यांना प्रसाद दिला. शेवटी मालक म्हणाले, तूही पड की पाया. मी पडले. काय मागायचं ते सुचलं नाय, म्हणून सगळ्यांना सुखी ठेव म्हणलं, बाकीच्या देवांना म्हणते तसं.

आता रोज सकाळी मी सगळे देव एकदमच ताम्हणात घेते. पाणी कोमट हाय का ते बघत नाय. चिंच लावते, रांगोळी लावते आणि अंगठा दाबून घासते, लख्ख होईपर्यंत. मालक कधी मागं उभे असतात, त्यांना बघवत नाय. परवा म्हणाले, "अगं, महेशला जरा हळू."

म्हणलं, "हळू कशाला? झिजला तर सहादूभाऊंकडे ठसा हाय."